गाडीनें बरोबर नेलेली हवा

वाळवंटांत मोटार रुतली म्हणजे चालकाच्या मनांत पहिला विचार येतो तो इंजिनाची सर्व शक्ति वापरण्याचा. तो पायाखालची कळ दाबून इंजिन गर्जवितो, चाकें जागच्या जागीं भिरभिरतात, आणि चारपांच मिनिटांत गाडी आंसापर्यंत वाळूंत जाऊन बसते. जें शक्तीनें साधत नाहीं तें चाकांतील थोडी हवा सोडून दिल्यानें साधतें, असें त्यास कोणीं सांगितलें तर तें त्याला प्रथम खरें वाटत नाहीं. परंतु आडरानांत व वाळवंटांत चालणाऱ्या मोटारींचा सारा इतिहास या एका साध्या गोष्टीभोंवतीं फिरतो. हवा सोडणें सोपें. ती परत भरणें अवघड. तें अवघड काम गाडीनें स्वतःच करावें म्हणून तिच्यावर हवा दाबणारें यंत्र, म्हणजे कॉम्प्रेसर, कसा चढला, त्याची ही हकीकत आहे.

इजिप्तच्या पश्चिमेस लिबियाचें वाळवंट पसरलेलें आहे. त्यांत वाळूच्या टेकड्यांच्या एकापुढें एक अशा लांबच लांब रांगा आहेत, आणि त्यांपैकीं एका विस्तीर्ण भागास वाळूचा महासागर असेंच नांव आहे. १९२० ते १९३० च्या दशकांत इजिप्तमध्यें नेमणुकीवर असलेले राल्फ बॅग्नोल्ड नांवाचे एक इंग्रज लष्करी इंजिनिअर व त्यांचे कांहीं मित्र आपल्या रजेचे दिवस या वाळूंत फोर्ड मोटारी घालण्यांत घालवीत. हा छंद कोणासही वेडेपणाचाच वाटावा. परंतु बॅग्नोल्ड हे निरीक्षणाच्या बाबतींत अत्यंत काटेकोर गृहस्थ होते. रुतलेल्या चाकाखालीं घालण्यासाठीं पोलादी पट्ट्या, लोहचुंबकाशीं संबंध नसलेलें सूर्याच्या सावलीचें होकायंत्र, इंजिनांतून उकळून निघालेली वाफ पुन्हां पाणी करून घेणारा डबा, अशा अनेक युक्त्या त्यांनीं रूढ केल्या. टायरमधील दाब कमी करून मऊ वाळू ओलांडणें ही त्यांपैकींच एक. ज्या वाळूवर पाऊल घोट्यापर्यंत बुडे, तिच्यावरून त्यांच्या गाड्या तरंगत गेल्यासारख्या जात.

यामागील तत्त्व हिशेबानें तेव्हांच कळतें. समजा, एका चाकावर १,००० पौंड वजन आहे आणि टायरमध्यें दर चौरस इंचास ४० पौंड दाब आहे. टायरच्या भिंतींचा ताठपणा सोडून दिला, तर तें वजन पेलण्यास जमिनीवर २५ चौरस इंच रबर टेकलें पाहिजे. तोच दाब १० पौंडांवर आणला म्हणजे १०० चौरस इंच रबर टेकतें. वजन तेंच, परंतु तें चौपट जागेवर पसरल्यामुळें वाळूच्या दर इंचावरील भार चौथाईवर येतो. उंटाचा तळवा रुंद व मऊ असून पाऊल टेकतांच फांकतो, आणि घोड्याचा खूर कठीण व आंखूड असतो. या दोहोंपैकीं वाळूंत कोण टिकतो हें राजस्थानांतील पोरालाही ठाऊक असतें. हवा सोडलेलें चाक म्हणजे घोड्याच्या खुराचा केलेला उंटाचा तळवाच होय.

परंतु उंटाला पुढें पक्का रस्ता लागला तरी पाय बदलावा लागत नाहीं, मोटारीला लागतो. ढिल्या टायरची भिंत प्रत्येक फेऱ्यास वांकते व सरळ होते, त्या हालचालीनें ती तापते, आणि कठीण रस्त्यावर वेगानें चालल्यास थोड्याच मैलांत फाटून निकामी होते. म्हणून वाळू संपली कीं हवा भरलीच पाहिजे. ती हातानें भरावयाची म्हणजे काय, हें ज्यानें भर उन्हांत एक तरी मोठा टायर भरला आहे तोच जाणे. भारी मालगाडीच्या टायरमध्यें सुमारें ४ घनफूट पोकळी धरली, तर दाब १० पौंडांवरून ४० वर नेण्यास सुमारें ८ घनफूट मोकळी हवा आंत घालावी लागते. दीड इंच व्यासाच्या आणि दीड फूट दांड्याच्या हातपंपानें, एक थेंबभरही हवा वाया जात नाहीं असें मानलें तरी, एका टायरला साडेचारशें हिसके मारावे लागतात. सहा चाकांच्या गाडीला २,७०० हिसके. प्यावयाचें पाणी मोजून मिळत असतां, आणि शत्रूचें विमान केव्हां डोक्यावर येईल याचा नेम नसतां, मनुष्य हें काम टाळूं पाहतो. तो हवा सोडण्याचाच कंटाळा करतो, किंवा सोडलेली हवा भरण्याचा कंटाळा करतो. पहिल्या कंटाळ्यानें गाडी रुतते आणि दुसऱ्यानें टायर जातो.

चाकांत हवा कोंडण्याची कल्पना पाहूं गेल्यास मोटारीहून पुष्कळ जुनी आहे. स्कॉटलंडमधील रॉबर्ट विल्यम थॉम्सन या तरुणानें १८४५ सालीं, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षीं, 'हवाई चाकां'चें पेटंट घेतलें. कॅन्व्हसला रबराचा लेप देऊन केलेली नळी आणि तिच्यावर चामड्याचें वेष्टन, असें तें चाक होतें. लंडनमध्यें घोड्याच्या गाडीला तें लावून त्यानें प्रयोगही करून दाखविले, आणि ते यशस्वी झाले. तथापि त्या काळीं चांगलें पातळ रबर दुर्मिळ व महाग होतें, जलद चालणारें वाहन तर रस्त्यावर नव्हतेंच. त्यामुळें ती कल्पना विस्मृतींत गेली. थॉम्सन पुढें भरीव रबराकडे वळला व १८६७ मध्यें त्यानें रबरी धांवांची वाफेची रस्तागाडी तयार केली. हिंदुस्थानांत सैन्यांत असलेले आर. ई. बी. क्रॉम्प्टन या अधिकाऱ्यानें १८७० च्या सुमारास तसल्या गाड्या पंजाबांत आणवून चालविल्या. हेच क्रॉम्प्टन पुढें विजेच्या धंद्यांत शिरले, आणि पंख्यांवर कोरलेलें त्यांचें नांव मुंबईच्या घराघरांत गेलें. परंतु रस्त्यावरच्या रबरी चाकांशीं असलेला त्यांचा हा पहिला संबंध फारसा कोणाच्या ध्यानांत नसतो.

हवेच्या टायरचा दुसरा जन्म बेलफास्टमध्यें झाला. तेथील जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनीं १८८७ सालीं आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठीं हवेची नळी बनविली, १८८८ मध्यें पेटंट मिळविलें, आणि १८८९ मध्यें विली ह्यूम या सायकलपटूनें त्या टायरांवर शर्यती जिंकल्या, तेव्हां हंसणारांचीं तोंडें बंद झालीं. त्यानंतर थोड्याच काळांत थॉम्सनचें जुनें पेटंट उजेडांत आलें व डनलॉप यांचा हक्क रद्द ठरला. जगानें मात्र डनलॉप हेंच नांव लक्षांत ठेवलें. ज्याची कल्पना वेळेच्या आधीं जन्मली त्यास न्याय मिळणें कठीण, याचें हें एक ठळक उदाहरण होय. मोटारीला हवेचा टायर लावून शर्यतींत उतरण्याचें धाडस फ्रान्समधील मिशेलॅं बंधूंनीं १८९५ च्या पॅरिस–बोर्दो–पॅरिस शर्यतींत केलें. पंक्चरांनीं त्यांना इतकें जेरीस आणलें कीं ठरलेल्या वेळेंत त्यांची गाडी पोंचली नाहीं. परंतु ती पोंचली, एवढ्यावरून पुढील मार्ग स्पष्ट झाला.

आतां हवेच्या टायरबरोबर हवेचा पंपही आला. आरंभींच्या मोटारवाल्यांस दर थोड्या मैलांवर टायर दुरुस्त करावा लागे, आणि प्रत्येक वेळीं कोट काढून पंप मारावा लागे. धनिकांच्या मोटारींत नोकर ते काम करी, म्हणून सुधारणेस घाई नव्हती, असें कोणी म्हणेल तर त्यांत अगदींच तथ्य नाहीं असें नाहीं. तरीही विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत अमेरिकेंतील कित्येक भारी मोटारींना इंजिनानें फिरणारा लहानसा पंप जोडलेला असे. याहून स्वस्त युक्ति म्हणजे इंजिनाचा एक स्पार्क प्लग काढून त्या भोंकांत बसवावयाचा पंप. इंजिनाच्या त्या सिलिंडरांत जो दाब निर्माण होई त्यानें पंपाचा दट्ट्या हाले व बाहेरची स्वच्छ हवा टायरमध्यें जाई. पेट्रोलची वाफ टायरांत जाऊं नये म्हणून हा खटाटोप. इंजिन उरलेल्या सिलिंडरांवर अडखळत चाले, पण टायर भरे. आजही जुन्या मोटारींच्या शौकिनांच्या हत्यारपेटींत असा पंप आढळतो.

वास्तविक चालत्या वाहनावर हवा दाबण्याचें यंत्र नेण्याची कला आगगाडीनें मोटारीच्या कितीतरी आधीं हस्तगत केली होती. १८६९ मध्यें अमेरिकेंत जॉर्ज वेस्टिंगहाउस यानें हवेच्या ब्रेकचें पेटंट घेतलें. इंजिनावर वाफेनें चालणारा पंप, त्याजवळ दाबलेल्या हवेची टांकी, आणि तेथून डब्याडब्यांखालून जाणारी नळी, अशी ती रचना होती. हिंदुस्थानांतील आगगाड्यांवर दीर्घकाळ निर्वात ब्रेकच चालले. पण मुंबईच्या लोकल गाडीच्या मोटर-डब्यांत बसणाऱ्यास स्थानकावर गाडी उभी असतां पायाखालीं कांहीं वेळ धडधड ऐकूं येते व मग ती आपोआप थांबते, ती याच वंशांतील कॉम्प्रेसरची होय. टांकींतील दाब कमी झाला कीं यंत्र सुरू, आणि पुरेसा झाला कीं बंद. पंप, टांकी, एका दिशेनेंच हवा जाऊं देणारी झडप, दाबाची मर्यादा सांभाळणारी कळ व धोक्याच्या वेळीं आपोआप उघडणारी झडप, हीं पांच अंगें आगगाडीनें सिद्ध केलीं, आणि आडरानांतील मोटारीनें तीं जशींच्या तशीं उचललीं.

दुसऱ्या महायुद्धानें या विषयास एकाएकीं गांभीर्य आणलें. ऑक्टोबर १९३९ मध्यें बॅग्नोल्ड यांचें जहाज दुसऱ्या देशाकडे चाललें असतां भूमध्य समुद्रांत टक्कर झाल्यामुळें पोर्ट सैदला लागलें, आणि ज्या मनुष्यास तें वाळवंट तळहाताप्रमाणें ठाऊक होतें तो अशा रीतीनें अपघातानेंच इजिप्तमध्यें पोंचला. जुलै १९४० मध्यें जनरल वेव्हेल यांच्या संमतीनें त्यांनीं जी तुकडी उभारली तिचें नांव लाँग रेंज डेझर्ट ग्रुप. बहुतेक न्यूझीलंडच्या शेतकरी तरुणांच्या या तुकडीनें दीड टनी शेव्हरोलेट गाड्यांवरून शत्रूच्या पिछाडीस शेंकडों मैल धांवा केल्या. त्यांच्या यशांत रुंद टायर आणि ते ढिले करण्याची विद्या यांचा वाटा मोठा आहे. युद्धाच्या इतिहासांत तोफांची व सेनापतींची वर्णनें पानेंच्या पानें असतात. टायरच्या दाबास एखादी ओळ मिळाली तरी पुष्कळ.

चालकाला खालीं उतरावें न लागतां, गाडी चालू असतांच, बसल्या जागेवरून दाब कमीजास्त करतां यावा, हें स्वप्न मात्र दुसऱ्याच एका गाडीनें पुरें केलें. तिचें नांव डक. या नांवाचा बदकाशीं संबंध योगायोगाचा. मूळ चार इंग्रजी अक्षरें हीं जनरल मोटर्स कारखान्याच्या सांकेतिक खुणा होत्या. पहिलें अक्षर १९४२ हें आराखड्याचें वर्ष, दुसरें पाण्यांत व जमिनीवर चालणारी गाडी, तिसरें सर्व चाकांस गति, आणि चौथें मागें दोन आंस, असा त्यांचा अर्थ. अडीच टनी लष्करी मालगाडीस नावेचें अंग बसवून ही गाडी केली होती. लांबी ३१ फूट, जमिनीवरचा वेग ताशीं सुमारें ५० मैल, पाण्यांतला सुमारें ६. नावेचा आराखडा शिडाच्या जहाजांचे प्रसिद्ध रचनाकार रॉड स्टीफन्स यांचा; त्यांच्या जोडीस दर्यावर्दी डेनिस प्युलस्टन व अमेरिकन सैन्यांतील फ्रॅंक स्पीर हे होते. या सर्वांस एकत्र आणणारे पामर पटनम.

सैन्यांतील वरिष्ठांस ही गाडी नको होती. समुद्रांत चालावयास जहाजें आहेत, रस्त्यावर चालावयास मोटारी आहेत, मग हें अर्धवट कशास, असा त्यांचा सूर होता. डिसेंबर १९४२ मध्यें मॅसॅच्युसेट्स किनाऱ्यावर प्रॉव्हिन्सटाउनजवळ तटरक्षक दलाची एक बोट वादळांत वाळूच्या दांड्यावर आदळून अडकली. वारा इतका भयंकर होता कीं नेहमींच्या होड्यांना तिच्यापर्यंत जातां येईना. प्रयोगासाठीं जवळच असलेली एक डक पाण्यांत उतरली आणि बोटीवरील सातही जणांस तिनें सुखरूप किनाऱ्यास आणलें. त्या एका रात्रीनें जेवढें काम केलें तेवढें शंभर अर्जांनीं झालें नसतें. पुढें अशा एकवीस हजारांहून अधिक गाड्या बांधल्या गेल्या. जुलै १९४३ मध्यें सिसिलीवर, जून १९४४ मध्यें नॉर्मंडीवर आणि पॅसिफिक महासागरांतील प्रवाळबेटांवर त्यांनीं जहाजांतला माल थेट किनाऱ्याच्या आंत नेऊन टाकला.

आतां येथेंच हवेचा प्रश्न उभा राहतो. पाण्यांतून बाहेर येणाऱ्या गाडीस प्रथम भेटते ती किनाऱ्याची ओली, मऊ वाळू, म्हणजे मोटारीची सर्वांत वाईट शत्रू. तिच्यावर चढण्यास टायरमध्यें सुमारें १० पौंड दाब हवा. दोनशें यार्ड पुढें पक्का रस्ता लागला कीं सुमारें ४० पौंड हवा. परत समुद्राकडे येतांना पुन्हां १०. अशा खेपा दिवसांतून कितीतरी. दर खेपेस हातपंपाचे २,७०० हिसके मारावयाचे म्हणजे युद्ध पुढें ढकलण्यासारखेंच. स्पीर यांनीं यावर जी योजना केली ती अशी: इंजिनावर कॉम्प्रेसर, टांकी, चालकाच्या हाताशीं झडपा व दाब दाखविणारें घड्याळ, आणि तेथून प्रत्येक चाकापर्यंत गेलेली नळी. प्रारंभींच्या सर्वच गाड्यांस ही संपूर्ण सोय नव्हती. उत्पादन चालू असतां ती पुढील गाड्यांवर आली. मिनिटास ५ घनफूट हवा ओढणारा पंप असला तरी सहा चाकांस लागणारी सुमारें ५० घनफूट हवा दहा मिनिटांत भरते, आणि त्या दहा मिनिटांत गाडी उभी राहत नाहीं, चालतच असते. साऱ्या युक्तीचें सार या शेवटच्या दोन शब्दांत आहे.

नळी सांगाड्याला बांधलेली व स्थिर, तर चाक फिरतें. मग हवा एकींतून दुसऱ्यांत कशी जावी? डकवर नळी बाहेरच्या बाजूनें चाकाच्या मध्यबिंदूपर्यंत आणून तेथें फिरता सांधा बसविलेला असे. जात्याच्या खुंट्याभोंवतीं वरची तळी फिरते तसा सांध्याचा एक भाग चाकाबरोबर फिरे, दुसरा नळीबरोबर स्थिर राही, आणि दोहोंमधील चकती हवेस निसटूं देत नसे. बाहेर आलेली ही नळी झाडाझुडपांत व दगडांत अडकून तुटण्याची भीति असे, हा तिचा मोठा दोष.

तो दोष रशियन इंजिनिअरांनीं दूर केला. युद्धांत मदत म्हणून मिळालेल्या डक गाड्यांवरून त्यांनीं स्वतःची तशी गाडी तयार केली, व तिच्यापासून टायर फुगविण्याची ही पद्धत उचलली. १९५५ च्या बीटीआर-१५२ व्ही या चिलखती गाडीवर नळ्या प्रथम बाहेरूनच होत्या. पुढील नमुन्यांत त्या आंसाच्या पोकळींतून चाकांत गेल्या. १९५८ पासून बनूं लागलेली झिल-१५७ ही सहाचाकी मालगाडी या पद्धतीचा सर्वांत परिचित नमुना होय. तिच्या आधींच्या गाडीस मागें जोडचाकें होतीं, आणि चिखलांत पुढच्या चाकानें केलेल्या चाकोरींत तीं बसत नसत. झिलनें सहाही मोठीं एकेरी चाकें घेतलीं व सर्वांस मध्यवर्ती हवा दिली. हिंवाळ्यांत बर्फ आणि वसंतांत गुडघाभर चिखल ज्या देशास दरसाल भोगावा लागतो, तेथें या सोयीची किंमत कळली यांत नवल नाहीं. तिचा आणखी एक लाभ असा कीं टायरला गोळी लागून बारीक भोंक पडलें तरी कॉम्प्रेसर हवा भरीत राहतो आणि गाडी गोळीबाराच्या टप्प्याबाहेर निघून जाते. अमेरिकन सैन्य मात्र युद्धानंतर आपलीच ही विद्या बराच काळ जवळजवळ विसरलें होतें, व १९८० नंतर ती पुन्हां भारी मालगाड्यांवर बसवूं लागलें.

नागरिकांच्या हातीं ही सोय निराळ्या मार्गानें आली. युद्ध संपल्यावर जीप शेतांत व रानांत शिरली. १९४७ मध्यें मुंबईंत महिंद्र कंपनीनें तिची जुळणी सुरू केली, आणि १९४८ मध्यें इंग्लंडांत लँड रोव्हर निघाली. ऑस्ट्रेलियांतील सिम्पसन वाळवंटांत वाळूच्या हजाराहून अधिक समांतर टेकड्या आहेत. भूगर्भशास्त्रज्ञ रेग स्प्रिग यांनीं १९६२ मध्यें पत्नी व दोन मुलें बरोबर घेऊन निसान पेट्रोल गाडीनें तें प्रथम ओलांडलें. पुढें हौशी प्रवाशांचा तिकडे ओघ लागला आणि प्रत्येकास हवेची गरज भासूं लागली. कोणी इंजिनावर जुन्या मोटारीच्या वातानुकूलन यंत्राचा कॉम्प्रेसर बसवी, कोणी बॅटरीवर चालणारा लहान पंप घेई. १९८७ मध्यें मेलबर्नच्या ए. आर. बी. कंपनीनें हवेच्या दाबानें आंसाचीं दोन्ही चाकें एकत्र जखडणारें कुलूप विक्रीस आणलें. या कुलपास हवा लागतेच. त्यामुळें गाडींत कॉम्प्रेसर कायमचा बसविणें हा शौक न राहतां गरज झाली, आणि जो कुलपासाठीं बसविला तोच टायरही भरूं लागला.

हें यंत्र बसविणें म्हणजे चार बोल्ट आवळणें नव्हे, हें पुष्कळांस नुकसान सोसून कळलें आहे. पहिला प्रश्न जागेचा. इंजिनाच्या पेटींत जागा असते, पण तेथें उष्णता व धूळ असते; आसनाखालीं थंडावा असतो, पण आवाज होतो. कसेंही असो, धूर जाणाऱ्या तापल्या नळीपासून तें दूर पाहिजे, आणि नदीनाला ओलांडतांना पाणी जेथवर चढतें त्याहून उंच पाहिजे. यंत्रास उंच बसवितां आलें नाहीं तर निदान हवा ओढणारें तोंड नळीनें उंच व कोरड्या जागीं न्यावें व त्यावर गाळणी ठेवावी. पाणी दाबलें जात नाहीं. तें सिलिंडरांत शिरलें कीं दट्ट्याचा दांडा वांकतो.

दुसरा प्रश्न उष्णतेचा. हवा दाबली कीं ती तापते. सायकलीच्या पंपाचें टोक हातास चटका देतें तें यामुळेंच. म्हणून कॉम्प्रेसरमधून निघणारा पहिला कांहीं फूट भाग तांब्याचा अगर धातूच्या जाळीनें वेढलेल्या, उष्णता सोसणाऱ्या नळीचा असावा. साधी रबरी नळी तेथें थोड्या दिवसांत कडक होऊन फुटते. बॅटरीवरचा मोठा पंप बारा व्होल्टवर तीस अँपिअरपासून साठ अँपिअरपर्यंत वीज खातो. त्यास बारीक तार दिली तर पंप मंद चालतो आणि तार तापते. तार जाड असावी, बॅटरीजवळच फ्यूज असावा, आणि पंप चालू असतां इंजिनही चालू असावें. बहुतेक लहान पंप कांहीं मिनिटें चालून तितकीच विश्रांति मागतात. चार टायर एका दमांत भरून टाकण्याच्या उतावळेपणानें जितके पंप जळाले तितके धुळीनेंही जळाले नसतील.

तेलाच्या बाबतींत तर उलटसुलट चुका होतात. जुना यॉर्क जातीचा वातानुकूलन कॉम्प्रेसर आपलें तेल आपल्याच तळाशीं बाळगतो, म्हणून तो हवेच्या कामास सोईचा. सँडन जातीच्या कॉम्प्रेसरचें तेल मूळच्या वायूबरोबर फिरत असे. तो वायू काढून त्यांतून नुसती हवा खेळविली कीं तेल पुढें निघून जातें, आणि बाहेरून तेल देण्याची व पुढें तें गाळून परत घेण्याची सोय न केल्यास यंत्र जाम होतें. याउलट तेलाविना चालण्यासाठींच केलेल्या बॅटरीच्या पंपांत कोणी मायेपोटीं तेल ओतलें, तर त्याची खास बनविलेली कडी फुगून व धूळ चिकटून निकामी होते.

टांकीची निगा सर्वांत सोपी आणि सर्वांत दुर्लक्षित. हवेंत वाफ असतेच. दाबून थंड झालेल्या हवेंतील वाफेचें पाणी होतें व तें टांकीच्या तळाशीं सांचतें. कोंकणांतील आषाढासारख्या हवेंत तर एका दिवसांत पेलाभर पाणी निघूं शकतें. तें काढलें नाहीं तर पोलादी टांकी आंतून गंजते. बाहेरचा रंग चकचकीत असतो आणि पत्रा आंतल्या आंत कागदासारखा झालेला असतो. अशी टांकी शंभर पौंडांहून अधिक दाबावर फुटली तर जवळच्या मनुष्याची धडगत नसते. म्हणून जाणते चालक टांकीवरील धोक्याची झडप अधूनमधून कडी ओढून मोकळी आहे ना तें पाहतात, सांध्यांवर साबणाचें पाणी लावून बुडबुडे येतात का तें तपासतात, पट्टा ढिला झाला असल्यास आवळतात, आणि मुक्कामास पोंचल्यावर, इंजिन बंद करून, टांकीच्या तळाची तोटी उघडतात. प्रथम गढूळ पाण्याची चिळकांडी उडते, मग फुसफुस होते, आणि कोरडी हवा येऊं लागली कीं तोटी बंद करतात.